हॉटकीराव

विंडोजच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळ असतं. त्याच्या शेजारी आवाज, वायफाय, बॅटरी अशी मंडळी दाटीवाटीने बसलेली असतात. त्यांच्यातच एखाद्या संगणकावर एक हिरवा चौकोन दिसतो, त्यावर पांढरा इंग्रजी एच. हेच ते. पूर्ण नाव ऑटोहॉटकी. आपण हॉटकीराव म्हणू. दिसले नाहीत तर तिथल्या वर तोंड केलेल्या बाणावर क्लिक करा. विंडोज नव्या माणसाला बहुधा त्या बाणाआड ढकलते. रावांना त्याचं काही वाटत नाही. दर्शन द्यायची त्यांना हौस नाही. हाक आली की कामाला लागायचं, एवढाच त्यांचा बाणा.

पहिल्या भेटीत ते फारच निराश करतात. बाकीची सॉफ्टवेअरं कशी, उघडल्याबरोबर स्वागताचं तबक पुढे करतात: हे बटण, तो मेनू, ही आमची नवी सोय. हॉटकीराव भेटतात ते कोऱ्या नोटपॅडवर. काय हवं त्याची चिठ्ठी तुम्ही लिहायची, फाइलच्या नावाला ए-एच-के हे शेपूट लावायचं आणि तिच्यावर डबल क्लिक करायचं. पडद्यावर काहीही हलत नाही. नवखा माणूस पुन्हा क्लिक करतो. मग रावांचं पहिलं वाक्य ऐकू येतं, आणि तेही प्रश्नार्थक: ही चिठ्ठी आधीच चालू आहे, तिच्या जागी ही घेऊ का? म्हणजे पहिल्या क्लिकलाच ते कामावर रुजू झाले होते. सांगितलं नाही, कारण ‘रुजू झालो असं सांगा’ असं तुम्ही लिहिलं नव्हतं.

हे एक वाक्य लक्षात ठेवा. रावांचा सगळा स्वभाव त्यात आहे.

बोलण्यात माणूस कमालीचा काटकसरी. कंट्रोलला ते ^ म्हणतात, ऑल्टला !, शिफ्टला +, आणि विंडोजच्या बटणाला #. मग एकापुढे एक दोन विसर्ग ठोकायचे, की त्यांच्यापुढे लिहिलं ते काम. कंट्रोल-शिफ्ट-एम दाबल्यावर डाउनलोड्समधले सगळे पीडीएफ बिलांच्या फोल्डरमध्ये न्यायचे असतील तर दीड-दोन ओळींत भागतं. फाइल हलवायला त्यांच्याकडे ‘फाइलमूव्ह’ आहे, नक्कल करायला ‘फाइलकॉपी’, फोल्डर बांधायला ‘डिरक्रिएट’. आडनावं नाहीत, पदव्या नाहीत. ओळीच्या सुरुवातीला अर्धविराम दिसला की त्या ओळीकडे ते ढुंकूनही पाहत नाहीत. ती तुमची खासगी बाब. लोक तिथे स्वतःसाठी टिपणं लिहून ठेवतात. काही टिपणं वर्षानुवर्षं तशीच राहतात आणि लिहिणाऱ्यालाही कळेनाशी होतात.

जन्म २००३ सालचा, आणि त्याच्या मुळाशी थोडा रुसवा. तेव्हा ऑटोआयटी नावाचं एक साधन होतं, विंडोजमधली कामं आपोआप उरकणारं. ख्रिस मॅलेट नावाच्या प्रोग्रामरने त्या मंडळींना सुचवलं, की यात आपल्या आवडीच्या कळा नेमायची सोय घाला. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मॅलेटने वाद घातला नाही. स्वतःच बसून वेगळं काहीतरी लिहिलं आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात लोकांच्या हाती फुकट दिलं. पुढे मॅलेट बाजूला झाले, तेव्हा स्टीव्ह ग्रे यांनी रावांना सांभाळलं. त्यांच्या काळात राव युनिकोड शिकले, चौसष्ट बिटांना सरावले. डिसेंबर २०२२ मध्ये रावांची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात त्यांची भाषा इतकी बदलली, की पहिल्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या चिठ्ठ्या आता त्यांना धड वाचता येत नाहीत. इंटरनेटवरून जुनी चिठ्ठी उचलून त्यांच्यापुढे धरणारे रोज एकदा तरी तोंडघशी पडतात.

घराणं मात्र जुनं. एमएस-डॉसच्या काळापासूनची बॅच फाइल ही यांची आजी. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं वाचत ती अजून कामं करते, पण तिला कळेने हाक मारता येत नाही. नाव घेऊन बोलवावं लागतं. विंडोजच्या घरातच एक सरकारी चुलतभाऊही आहे. कुठल्याही शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये जा, ‘शॉर्टकट की’ची चौकट असते, तिथे एक अक्षर दाबा, की कंट्रोल-ऑल्ट आपणहून चिकटतात आणि त्या जोडीने तुमचं फोल्डर उघडतं. पण शॉर्टकट डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूत असेल तरच. दुसरीकडे ठेवला तर चुलतभाऊ ओळख देत नाही. शिवाय फोल्डर उघडून दिलं की त्याची नोकरी संपली. आत जाऊन फाइल उचलणं हे त्याच्या कामात बसत नाही.

रावांच्या बसतं. सगळंच बसतं. आणि खरी गंमत तिथेच सुरू होते.

एका कर-सल्लागाराच्या ऑफिसात राव दोन महिने सुरळीत काम करत होते. डाउनलोड्समध्ये दिवसभर बिलं साचायची: ईमेलमधून आलेली, व्हॉट्सॲपवरून उतरवलेली, पोर्टलवरून घेतलेली. संध्याकाळी तिथला सहायक एक कळ दाबायचा आणि सगळे पीडीएफ महिन्याच्या फोल्डरमध्ये जायचे. आधी ‘मार्च’मध्ये, मग ‘एप्रिल’मध्ये. त्याच नावाची फाइल आधीपासून असेल तर तिच्यावर नवी चढवा, ही परवानगीही त्याने आकडा एक घालून दिली होती, कारण एकदा फाइल अडली तेव्हा कुणीतरी तसं सुचवलं होतं. मे महिना लागला. सहायकाने चिठ्ठीत ‘एप्रिल’ खोडून ‘मे’ लिहिलं. ‘मे’ नावाचं फोल्डर बांधायला मात्र तो विसरला.

आता तुमच्या-माझ्यासारखा माणूस काय करेल? फोल्डर नाही म्हणून परत येईल, किंवा स्वतःच बांधून घेईल. रावांनी विचार केला: ‘मे’ नावाचं फोल्डर तर दिसत नाही, म्हणजे ‘मे’ हे फाइलचं नाव असणार. त्यांनी पहिलं बिल उचललं आणि ‘मे’ या नावाने ठेवलं. दुसरं उचललं, तेही ‘मे’ या नावाने ठेवलं; आधीच्यावर चढवायची परवानगी होतीच. तिसरं, चौथं, शंभरावं. सेकंदभरात काम फत्ते. डाउनलोड्स स्वच्छ झालं, आणि पलीकडे एकच फाइल उरली, नाव ‘मे’, शेपूट नाही, पोटात शेवटचं बिल. बाकीची रिसायकल बिनमध्येही नव्हती, कारण त्यांना कुणी पुसलं नव्हतं. एकेकावर दुसरं चढलं होतं. पुढचे दोन दिवस सहायक सगळ्या पक्षकारांना फोन करून ‘साहेब, ती बिलं परत एकदा पाठवता का’ असं विचारत होता. रावांच्या चिठ्ठीत ‘डिरक्रिएट’ची एक ओळ आधी घातली असती तर हे घडलं नसतं. फोल्डर आधीपासून असेल तरी ते चिडत नाहीत, असू द्या म्हणतात आणि पुढे जातात. ती ओळ आता तिथे आहे. तिच्यावर अर्धविराम देऊन एक टिपणही आहे, ते इथे छापण्याजोगं नाही.

रावांच्या बाजूने एक सांगायला हवं. परवानगीचा तो एक आकडा दिला नसता तर त्यांनी दुसरं बिल हलवलंच नसतं. अडल्यावर काय करायचं याबाबत मात्र त्यांच्या स्वभावात वयानुसार फरक पडला आहे. पहिल्या आवृत्तीत फाइल हलली नाही की ते मुकाट राहायचे. एका कोपऱ्यात किती फाइली अडल्या तो आकडा लिहून ठेवायचे आणि तुम्ही विचाराल याची वाट पाहायचे. कुणीच विचारायचं नाही. दुसऱ्या आवृत्तीत त्यांना कंठ फुटला आहे. आता ते थेट चौकट उभी करून कुठल्या ओळीवर अडलं ते दाखवतात. जुने लोक कुरकुर करतात, की पूर्वी किती शांत होते. शांत होते खरे.

तारखेच्या बाबतीत त्यांच्याइतका काटेकोर माणूस नाही, आणि इतका बेफिकीरही. फाइलच्या नावापुढे तारीख लावायची तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं सांगावं. म्हणजे नावानुसार लावल्या की फाइली काळानुसार लागतात. त्यासाठी त्यांची एक सांकेतिक ओळ आहे. तिच्यात कॅपिटल एम म्हणजे महिना आणि स्मॉल एम म्हणजे मिनिट. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका छायाचित्रकाराने घाईत महिन्याच्या जागीही स्मॉल एम ठेवला. सकाळी मुहूर्ताच्या फोटोंचं फोल्डर झालं ते सत्तेचाळिसाव्या महिन्यातलं. जेवणावळीचं तिसऱ्या महिन्यातलं. पाठवणीचं अठ्ठावन्नाव्या. अल्बम लावायला बसला तेव्हा नवरी आधी जेवली, मग तिचं लग्न लागलं आणि मग ती सासरी गेली.

वेळेच्या मध्ये अपूर्णविराम घालण्याचा मोह ज्याला आवरत नाही, त्याला तर राव अद्दल घडवतात. विंडोजमध्ये फाइलच्या नावात अपूर्णविराम चालत नाही. व्हॉट्सॲपवरून उतरवलेल्या फोटोच्या नावात वेळेच्या आकड्यांमध्ये टिंबं असतात ती पाहिली असतील. एकाने रावांना सांगितलं, की एफ-सेव्हन दाबलं की आजची तारीख आणि वेळ नावात घालून नोंदीची फाइल कर आणि त्यात हे वाक्य लिही. वेळ दहा वाजून तीस मिनिटं, मध्ये अपूर्णविराम. रावांनी लिहिलं. फाइल झाली, नाव दहापाशीच तुटलेलं, आणि आकार शून्य. वाक्य गेलं कुठे? ते होतं. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत एका फाइलच्या पोटात दुसरा गुप्त प्रवाह ठेवता येतो, आणि त्याची खूण नेमकी अपूर्णविराम. त्या गृहस्थांनी आठवडाभर सगळ्या नोंदी अशा तळघरात ठेवल्या, आणि वरून पाहून रावांना आळशी ठरवलं.

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, की माणूस धोक्याचा आहे. तसं नाही. त्यांना काम सांगायला बसलं की कळतं, आपण रोज काय करतो ते आपल्याला धड सांगता येत नाही. ‘जुन्या फाइली बाजूला ठेव.’ जुन्या म्हणजे किती जुन्या? बनवल्याची तारीख धरायची की शेवटी बदलल्याची? उघडी असलेली फाइल हलवायची का? हाताने काम करताना ही उत्तरं बोटं परस्पर देत असतात. राव बोटांना विचारत नाहीत. आपल्याकडच्या ऑफिसांतल्या फाइलींची नावं आठवा: ‘अंतिम’, ‘अंतिम दोन’, ‘अंतिम दुरुस्त’, ‘नक्की अंतिम’, ‘साहेबांनी पाहिलेली अंतिम’. यांतली खरी अंतिम कुठली हे त्या टेबलावरचा माणूस डोळे मिटून सांगेल. रावांना सांगायचं तर आधी नियम ठरवावा लागतो, आणि नियम ठरवायला बसलं की त्या टेबलावर दोन माणसांचं भांडण होतं. रावांनी काहीच केलेलं नसतं. ते घड्याळाशेजारी बसून असतात.

एक वाईट खोड सांगून ठेवतो. फाइल एक्सप्लोररमध्ये तुम्ही कुठल्या फाइली निवडल्या आहेत हे जाणून घ्यायचं, तर त्यांची सोपी युक्ती अशी: तुमच्या वतीने कंट्रोल-सी दाबायचं आणि क्लिपबोर्डवर डोकावायचं. तिथे त्या फाइलींचे पूर्ण पत्ते ओळीने मिळतात. काम झालं, ठीक. पण क्लिपबोर्डवर तुम्ही आधी काही ठेवलं असेल तर ते गेलं. आधीचं जपून ठेव आणि शेवटी परत ठेव, हे सांगता येतं, सांगावंच लागतं. न सांगणाऱ्या एकाने सोयरिकीच्या पत्रात मुलीची माहिती चिकटवली, ती ‘सी ड्राइव्ह, यूझर्स, डाउनलोड्स’ अशी उमटली.

दुसरी खोड कंट्रोलचा हात न सोडण्याची. कधीकधी, घाईच्या वेळी, ते कंट्रोल दाबून धरतात आणि विसरतात. तुमचं बोट कधीच वर आलेलं असतं, संगणकाच्या मते मात्र कंट्रोल दाबलेलंच. मग तुम्ही साधं टाइप करता. पी दाबला, छपाईची खिडकी आली. डब्ल्यू दाबला, टॅब बंद झाली. ए दाबला, सगळं निळं झालं. पुढे एक्स आला तर गेलंच. घाबरू नका. कंट्रोलची कळ एकदा स्वतः दाबून सोडा. राव ओशाळतात आणि हात काढून घेतात.

राग? येतो, पण एकाच गोष्टीचा: एकसारख्या हाका मारल्याचा. एका हौशी विद्यार्थ्याने त्यांना सांगितलं, की कंट्रोल-सी दाबलं की बीप वाजव आणि मग कंट्रोल-सी दाब. कंट्रोल-सी म्हणजे थोरलं घराणं. कट-कॉपी-पेस्टची रीत १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली, तिच्याशी खेळू नये. पोराने खेळ केला. रावांनी बीप वाजवली आणि कंट्रोल-सी दाबलं. तो दाब त्यांच्याच कानावर आला. हाक आली म्हणून त्यांनी बीप वाजवली आणि कंट्रोल-सी दाबलं. बीप वगळूनही त्याने हाच खेळ करून पाहिला, तेव्हा ते भलतेच वेगाने स्वतःला हाका मारू लागले. राव तसे सोशिक. दोन सेकंदांत सत्तर हाकांपर्यंत निमूट सहन करतात. एकाहत्तराव्या हाकेला ते सगळं थांबवून चौकट उभी करतात, इतक्या हाका आल्या आहेत असं आकड्यासकट सांगतात, आणि विचारतात: हे असंच चालू ठेवायचं का? विसर्गांच्या ओळीआधी एक डॉलरचं चिन्ह लावलं असतं, तर स्वतःचा आवाज त्यांनी ओळखला असता.

आणि त्यांचा एक सल आहे, तो त्यांच्यासमोर काढू नका. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट. आयबीएमच्या पहिल्या पीसीवर काम करताना डेव्हिड ब्रॅडली यांनी नेमलेलं ते त्रिकूट. विंडोजमध्ये या तीन कळा एकत्र दाबल्या की हाक थेट आतल्या गाभाऱ्यात जाते. मध्ये कुणाला थांबून ऐकता येत नाही. मुद्दाम तशी रचना आहे, म्हणजे पासवर्ड मागणारी खोटी खिडकी कुणी उभी करू नये. सगळ्या कळांवर हुकमत गाजवणारे राव इथे बाहेरच्या बाकावर बसतात. तेच ॲडमिन म्हणून उघडलेल्या खिडकीसमोर. तुमची चिठ्ठी साध्या अधिकाराने चालत असेल तर तिथे त्यांनी दाबलेली कळ पोचत नाही. ते दाबत राहतात, खिडकी पाहत नाही.

अँटिव्हायरसशी तर त्यांचं कायम वाकडं. त्याची बाजूही समजून घ्या. जो प्रत्येक कळेचा दाब ऐकतो, माणसाच्या वतीने टाइप करतो, फाइली हलवतो आणि कोपऱ्यात गप्प बसतो, त्याच्याकडे पहारेकऱ्याने संशयाने पाहू नये तर कुणाकडे पाहावं? बँकांच्या आणि सरकारी ऑफिसांच्या संगणकांवर त्यांना सहसा प्रवेश मिळत नाही. रावांच्या मनात काही नसतं. पण त्यांच्या मनात काय आहे ते चिठ्ठी लिहिणाऱ्यावर अवलंबून, आणि चिठ्ठी अनोळखी माणसाने पाठवलेली असेल तर पहारेकरी बरोबर.

कौतुक करायचं तर एका गोष्टीचं करीन. कीबोर्डवरच्या दुर्लक्षितांना त्यांनी काम दिलं. कॅप्स लॉक घ्या. ऐन मोक्याच्या जागी पसरलेली ही कळ. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल ही भानगडच नाही, त्यामुळे मराठी लिहिणाऱ्याला तिचा उपयोग फक्त चुकून दाबण्यापुरता. रावांनी तिला फाइलींच्या कामाला लावलं: ती धरून बी दाबलं की बिलांचं फोल्डर, पी दाबलं की पत्रांचं. स्क्रोल लॉक, पॉज अशा सेवानिवृत्त कळांनाही बोलावलं. एका प्रकाशकाकडे पॉज दाबलं की चालू हस्तलिखिताची तारीख लावलेली प्रत दुसऱ्या डिस्कवर जाते. त्या कळेला तिच्या नावाबरहुकूम काम हल्ली कुणी सांगत नव्हतं, आणि हेही तिच्या नावाचं नाहीच.

मराठीशी त्यांचं जमायला वेळ लागला, हेही कबूल करायला हवं. फाइली हलवण्याइतकंच त्यांचं दुसरं आवडतं काम म्हणजे संक्षेपाचं पूर्ण रूप लिहून देणं: दोन अक्षरं टाइप करा, स्पेस दाबा, अख्खं वाक्य उमटतं. पहिल्या आवृत्तीत चिठ्ठीच्या माथ्यावर बॉम नावाची तीन बाइटांची खूण नसली तर ‘आपला विश्वासू’ ऐवजी फ्रेंच टोपी घातलेल्या ए अक्षरांची रांग निघायची. दुसऱ्या आवृत्तीत ते युनिकोडच गृहीत धरतात, त्यामुळे तो प्रश्न मिटला. युनिकोडपूर्व फॉन्टांवर चालणाऱ्या जुन्या छपाईखान्यांत मात्र अजून त्यांचं कुणाला कळत नाही.

आणि आळशी लोकांचे ते फार लाडके, हे मी नाकारणार नाही. चार सेकंदांचं काम वाचावं म्हणून अख्खा रविवार चिठ्ठी लिहिण्यात घालवणारे लोक मी पाहिले आहेत. हिशोब मांडून दाखवला की ते हसतात आणि पुढची ओळ लिहितात.

निष्ठा मात्र पक्की. तुमची चिठ्ठी स्टार्टअपच्या फोल्डरमध्ये ठेवली, की रोज संगणक सुरू होताच राव आपणहून हजर. माणूस बदलला तरी हजर. एका पतसंस्थेत एक मुख्य लिपिक निवृत्त झाले. त्यांनी रावांना सांगून ठेवलं होतं, की टी आणि वाय टाइप केलं की पत्राचा शेवट लिहून द्यायचा: आपला विश्वासू, खाली नाव, खाली हुद्दा, खाली संस्थेचा शिक्का मारायची जागा. टी-वायच का? कीबोर्डवर शेजारी आहेत म्हणून. त्यांच्या खुर्चीवर नवी मुलगी आली. लग्न ठरलेलं. दुपारच्या सुटीत व्हॉट्सॲप वेबवर होणाऱ्या नवऱ्याने तिची काहीतरी स्तुती केली, आणि तिने, हल्लीची मुलं ‘थँक यू’चं लिहितात तसं, टी-वाय लिहून स्पेस दाबली. क्षणात तिच्या नावे एका निवृत्त मुख्य लिपिकाचा विश्वासू निरोप उमटला, आणि ओळी बदलताना दाबलेल्या एंटरमुळे तो तुकड्यातुकड्यांनी रवानाही झाला.

पलीकडून उत्तर आलं: ‘पत्र मिळाले. जावक क्रमांक कळवावा.’

ऑफिसात गहजब झाला. व्हायरस म्हणून इंजिनिअर आला, त्याने दोन तास तपासलं आणि फॉरमॅट मारावा लागेल म्हणाला. शेवटी शिपायाने माउस हिरव्या एचवर नेला, तेव्हा चिठ्ठीचं नाव दिसलं. मुलीने ती उघडली. वर अर्धविराम देऊन लिहिलं होतं, ‘यापुढे कुणी हात लावू नये.’ तिने लावला. मुख्य लिपिकांचं नाव काढून आपलं घातलं, टी-वाय बदललं, आणि खाली स्वतःची एक ओळ वाढवली: जे आणि के टाइप केलं की आजची तारीख आणि वेळ जोडून जावक क्रमांक लिहून द्यायचा. राव तो बिनचूक देतात. पतसंस्थेच्या पत्रांना देतात, आणि आता नवऱ्याला रोज दुपारी जाणाऱ्या निरोपांनाही.